तिसरा आरसा

चूळ भरायच्या आधी फोन हातात घेणारा माणूस मला आवडत नाही, मग तो माझा मुलगा का असेना. आमचा हणमंत उठायचा तोच उशाखाली चाचपडत. मी चहा समोर ठेवायची, चहावर साय धरायची, साय सुरकुतायची, तरी याचं बोट काचेवर वर-खाली चाललेलं.

"हणमंता, सूर्य कासराभर वर आला. त्याच्यावर तुझं पोट चालतं. एकदा दाराबाहेर जाऊन बघ तरी त्याच्याकडं."

"थांब आई. काल तीन वाढले."

"काय तीन?"

"दाखले."

हे दाखल्यांचं प्रकरण त्याने मला पूर्वी एकदा समजावून दिलं होतं. आंबेघोलच्या पठारावर सूर्य बघायची वेधशाळा होती. उंच मनोरा, मनोऱ्याच्या डोक्यावर आरसे, आणि उताराखाली तिथल्या लोकांना राहायला कौलारू घरं. हणमंत तिथे शास्त्रज्ञ होता. सून पुण्याला बँकेत, ती शनिवारी यायची, म्हणून थंडीचे महिने मी त्याच्याकडे जाऊन राहायची. हणमंताने सूर्यावर लेख लिहायचा, तो परदेशात छापून यायचा, आणि जगातल्या दुसऱ्या कोणी आपल्या लेखात 'इंगवले असं म्हणतात' असं लिहिलं की याचा एक दाखला वाढायचा. हे कुठेतरी मोजलं जायचं आणि रोज सकाळी फोनवर दिसायचं.

"म्हणजे तुझी कोणी आठवण काढली की एक," मी म्हणाले होते. "मग एवढ्या उचक्या लागून तू जिवंत कसा राहिलास?"

तो हसला नव्हता. त्या आकड्याची चेष्टा त्याला चालत नसे.

मलाही कुठे चालायची? कागल बाजूच्या आमच्या गावात भावकीतल्या बायका जमल्या, कोणाच्या पोराने ट्रॅक्टर घेतला, कोणाचा पोरगा सोसायटीचा चेअरमन झाला, असं निघालं की मी पानाला चुना लावत म्हणायची, "तुमच्या पोरांची नावं बोर्डावर. वाऱ्याने बोर्ड पडला की नाव पडलं. माझ्या पोराचं नाव नऊशे साहेबांनी घेतलंय, तेही इंग्रजीत." बायकांची पानं तोंडातच राहायची. माझी शाळा तिसरीत सुटली, पण बोलण्यात मला कोणी हरवलेलं नाही. आता त्या आठवणीने कानाच्या पाळ्या गरम होतात.

नऊशेतले बहुतेक दाखले त्याच्या एकाच लेखाचे होते. सूर्याला डाग असतात हे मला लेकाकडून कळलं. तोवर मला वाटायचं डाग फक्त चंद्राला. हे डाग जोडीजोडीने असतात. सूर्यावर कधीकधी मोठा भडका उडतो, त्याने आपल्याकडचे उपग्रहसुद्धा बिघडतात. हणमंताने लिहिलं होतं की भडका उडायच्या आधी डागांची जोडी एका ठराविक अंगाला वळते. म्हणजे ती वळण्यावर लक्ष ठेवलं तर भडका आधी ओळखता येईल. त्या लेखावर त्याला बढती मिळाली, आणि आता वेधशाळेचे संचालक निवृत्त होणार होते तर त्या खुर्चीसाठी त्याचंच नाव पुढे होतं. निवड करणाऱ्यांत मुख्य होते केळुसकर सर, हणमंताचे गुरू. ते शुक्रवारी पठारावर येणार होते. हणमंताने मला सांगून ठेवलं होतं, "आई, सर मालवणकडचे. मटण कर, पांढरा रस्सा कर. आणि जेवताना जास्त बोलू नको."

"का? माझ्या बोलण्याने तुझी खुर्ची मोडते काय?"

"मोडेल," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या लेकीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पत्रिकेत आमच्या बाजूची कोणाकोणाची नावं घालायची ते मी सांगायचं होतं. आमच्याकडे पत्रिका म्हणजे मोठं काम असतं. नवरा-नवरीचं नाव एका ओळीत मावतं, बाकी पत्रिका भावकीची. मला लिहायला हात चालत नाही, म्हणून मी शीतलला हाक मारली.

शीतल गेडाम ही हणमंताच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी. चंद्रपूरकडची, बाप एसटीत ड्रायव्हर. अंगाने काडी, पण डोंगर चढायला लागली की शेळीसारखी. पठारावर खानावळ नव्हती, तेव्हा दुपारची ती माझ्याकडेच जेवायची. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "सूर्याचा अभ्यास करतेस आणि नाव शीतल?" तर म्हणाली, "आमच्याकडे उन्हाळ्यात येऊन बघा ना आक्का, कोणीही पोरीचं नाव हेच ठेवन." तेव्हापासून माझी तिची गट्टी.

ती पाट घेऊन बसली. मी सांगत गेले, ती लिहीत गेली.

"ज्ञानू तात्या. लिही, श्रीमान ज्ञानदेव."

"हे कोण जी?"

"माझा चुलत दीर. लग्नात दुधाचं बघणार आहे."

"बरं."

"मग भास्करराव."

"ते काय बघणार?"

"तो काही बघणार नाही. येईल, पुढच्या खुर्चीत बसेल, जेवून जाईल. पण नाव नाही घातलं तर मांडवाच्या दारातनं परत फिरेल आणि गावभर तमाशा करेल. घाल त्याला. जरा ठळक घाल."

शीतलचा हात थांबला. मी बघितलं तर ती हसत होती. आधी तोंडावर ओढणी धरून, मग मोठ्याने. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. हसण्याचं पाणी वेगळं असतं, आणि हे वेगळं होतं, एवढं मला कळतं.

"काय गं? भास्कररावाने तुझं काय खाल्लं?"

"काही नाही. आमच्याकडे पण असंच आहे आक्का. मी एक लेख लिहिलाय. त्यात सरांच्या अकरा लेखांचे दाखले घालायला सांगितलेत. माझ्या कामाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. घातले नाही तर सर सही नाही करत."

सर म्हणजे माझा हणमंत.

मी म्हणाले, "मग घाल की. गुरू आहे तुझा. अकरा नावं घातल्याने तुझा कागद फाटतो का?"

"मी घातले पण असते," ती म्हणाली. "पण अजून एक आहे." आणि पेन पुन्हा कागदावर टेकवलं. मी ही अशी, मला अर्धं बोलणं सहन होत नाही. मी म्हणाले, बोलायचं नसेल तर भास्कररावाच्या खाली अजून सात जण आहेत, ते लिही. तेव्हा तिने भिंतीवरचा माझा आरसा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"आक्का, गोंदलेला हात वर करा."

माझ्या डाव्या हातावर तुळस गोंदलेली आहे. मी तो वर केला.

"आता आरशातल्या आक्कांनी कोणता केला?"

"उजवा."

"बस. एवढंच झालंय."

मग तिने सांगितलं, आणि मला सांगायचं म्हणून अगदी सोपं करून सांगितलं. मनोऱ्यावर दोन आरसे असतात. पहिला सूर्याबरोबर फिरतो, दुसरा ते ऊन खाली खोलीत पाडतो. एका आरशाने डाव्याचं उजवं होतं, दुसऱ्याने पुन्हा सरळ. हणमंताने तो मोठा लेख लिहिला त्या सुमारास दुरुस्तीसाठी वर काही दिवस तिसरा आरसा बसवला होता. तीन आरसे झाले, म्हणजे चित्र उलटं पडलं. सूर्यावरचे डाग रोज एका अंगाने दुसऱ्या अंगाला सरकतात. या चित्रांत ते भलतीकडे सरकताना दिसले, तेव्हा कोणीतरी चित्रं खालची वर फिरवून ठेवली. डाग बरोबर दिशेने चालायला लागले. कोणाला शंका आली नाही. पण डावं-उजवं जागेवर आलं तरी वरचं खाली गेलं, ते तसंच राहिलं. आणि जोडी या अंगाला वळते असं जे हणमंताने लिहिलं, त्यातला मोठा भाग याच उलट्या चित्रांतून आला होता. शीतलने दुसऱ्या देशातल्या दुर्बिणीची त्याच दिवसांची चित्रं शेजारी ठेवून बघितली, तेव्हा तिला हे दिसलं.

"आणि ते नऊशे दाखले?" मी विचारलं. माझा जीव तिथेच अडकलेला.

"त्यातले कितीतरी लोक लिहितात की इंगवलेंना दिसलं ते आम्हाला दिसत नाही."

"म्हणजे शिव्या पण मोजतात?"

"हो ना आक्का. शाबासकी पण एकच, शिवी पण एकच."

मी पदराने तोंड पुसलं. गावात पान खात खात मी जे मिरवत होते त्यात किती शिव्या होत्या कोण जाणे.

"हणमंताला सांगितलंस?"

"मागच्या महिन्यात. ते म्हणाले, कोणाजवळ बोलू नको, आधी मी तपासतो. आता म्हणतात, लेखातून तेवढं काढ आणि अकरा नावं घाल, मग सही देतो. इथल्या चित्रांवरचा लेख आहे, त्यांच्या सहीशिवाय बाहेर जात नाही. आणि सोमवारच्या आत नाही गेला तर मला तिकडची जागा नाही मिळत." तिकडची म्हणजे परदेशातल्या एका मोठ्या सूर्यवेधशाळेतली. तिच्या बापाने डेपोत पेढे वाटून झाले होते, ते मला ठाऊक होतं.

संध्याकाळी मी हणमंताला भाकरी वाढताना विषय काढला.

"त्या पोरीची सही करून टाक."

त्याने घास हातातच धरला. "काय सांगितलं तिने?"

"अकरा नावांचं सांगितलं." आरशाचं मी बोलले नाही. त्याने आपण होऊन बोलावं असं मला वाटत होतं.

"आई, तू पत्रिकेत भास्कररावाचं नाव घातलंस ना? त्याने काय केलंय आपलं?"

"त्याला मान लागतो."

"मलाही लागतो. तूच सांगायचीस, मान कोणी आणून देत नाही, मागून घ्यावा लागतो. मग?"

हे माझंच बोलणं होतं, आणि त्याच्या तोंडून ऐकताना ते मला ओळखीचं वाटेना. पण तरी मनात म्हटलं, पोरगा आहे, खुर्चीच्या काळजीत आहे, एकदा शुक्रवार पार पडला की करील सही. अजून दोन भाकऱ्या टाकल्या आणि झोपायला गेले.

शुक्रवारी केळुसकर सर आले. पांढरे केस, बारीक अंग, पायात साधी चप्पल. आल्या आल्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "आक्का, मी वासावर आलो. गाडी नुसती मागून येत होती." मला माणूस आवडला.

पंगतीला तिघंच होते. सर, हणमंत आणि शीतल. शीतल मला वाढू लागत होती, पण सरांनीच तिला बसवलं. "जेवताना कोणी उभं राहिलं की मला घास जात नाही," म्हणाले. मी पांढऱ्या रश्शाचं पातेलं घेऊन फिरत होते. सर तीन वाट्या रस्सा प्याले. मग वाटी खाली ठेवून म्हणाले, "हणमंत, तुझ्या त्या लेखाबद्दल निवड समितीत प्रश्न निघणार. बाहेरच्यांना तसं दिसत नाही म्हणतात. उत्तर काय देणार आहेस?"

मी हणमंताकडे बघितलं. मला वाटलं, आता तोंड चुकवील, विषय बदलील. तेवढंच वाटलं. त्याहून वाईट माझ्या मनाला सुचलं नाही.

हणमंत घसा साफ करून म्हणाला, "सर, मी स्वतःच त्याच्या मुळाशी गेलो. माझी जुनी चित्रं पुन्हा काढली. दुरुस्तीच्या दिवसांत वर तिसरा आरसा होता. चित्रं उलटी होती. मीच माझी चूक शोधून काढली. त्यावर लेख लिहितोय."

केळुसकर सर त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांचा चेहरा उजळला. "स्वतःची चूक स्वतः छापायला धैर्य लागतं रे," ते म्हणाले. "हे आधी का नाही सांगितलंस? याने तू मोठा होशील. नऊशे जण तुझं नाव घेत होते, आता हजार घेतील."

"बघू सर," हणमंत म्हणाला, आणि मान खाली घालून भाकरी मोडली. लाजल्यासारखी मोडली.

मी शीतलकडे बघितलं. ती ताटातल्या मिठाकडे बघत होती. बोटाने ते मीठ एका बाजूला सारत होती, मग दुसऱ्या बाजूला. तिच्या वाटीत रस्सा वाढायला मी वाकले आणि वाटीऐवजी रस्सा तिच्या ओढणीवर सांडला. ती म्हणाली, "असू द्या आक्का." माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, तिने मला दोन शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. माझ्या घरात, माझ्या हातचं जेवताना तिचं काम उचललं गेलं होतं, आणि उचलणाऱ्याला मी मघाशीच मटणाचा चांगला तुकडा वाढला होता.

जेवणं झाली. सर आणि हणमंत मनोऱ्याकडे गेले. शीतल मागच्या दारी ओढणी धूत होती.

"तोंड नाही का तुला?" मी म्हणाले. मला राग तिच्यावर नव्हता, पण निघाला तिच्यावर.

"सहीचं पान त्यांच्याकडे आहे आक्का."

"आता सही देणार आहे का तो?"

"आता काहून देतील? आता तो लेख त्यांचाच झाला ना." तिने ओढणी पिळली. "मी बाबांना काय सांगू त्याचा विचार करून राहिली."

मी चूल झाकली. पायात चप्पल घातली, डोक्यावर पदर घेतला आणि तिच्या मनगटाला धरलं.

"चल."

"नको आक्का. ते माझे गाइड आहेत."

"तुझा गाइड आहे आणि माझा कोण आहे? चल म्हणते ना."

चढण भर उन्हात चढलो. गुडघा बोलत होता, पण त्याचं ऐकायला मला वेळ नव्हता. इतक्या थंड्या मी पठारावर काढल्या, पण मनोऱ्यात कधी गेले नव्हते. लेकाच्या कामाच्या जागी आईने जाऊ नये असं मला वाटायचं. दार लोटलं तर आत अंधार, आणि त्या अंधारात एका पांढऱ्या मेजावर सूर्य पडलेला. परातीएवढा. त्याच्याकडे डोळे न मिटता बघता येत होतं. तो स्थिर नव्हता, कडेने हलकेच थरथरत होता, जिता असल्यासारखा. मध्ये दोन डाग, तव्यावर भाकरी जराशी करपावी तसे. हणमंत आणि सर त्याच्यावर वाकलेले. क्षणभर मी कशाला आले तेच विसरले. एवढं देखणं काम देवाने पोराला दिलं होतं.

"आई?" हणमंत म्हणाला. "तू कशाला आलीस वर?"

"सरांना एक विचारायचं होतं. अडाणी बाई आहे, चुकलं तर सांभाळून घ्या."

"विचारा की," सर म्हणाले.

"तो तिसरा आरसा कुठं बसवला होता?"

"आई, ते वर होतं, मी तुला नंतर..."

"तुला नाही विचारलं. शीतल, तू दाखव. मला स्वयंपाकघरात दाखवलास ना परवा, माझा हात वर करून? तसा सरांना दाखव. त्यांना जास्त कळेल."

सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"परवा?" ते म्हणाले. "म्हणजे हे तुला आधीच ठाऊक होतं, मुली?"

शीतलने हणमंताकडे बघितलं.

"त्याच्याकडे बघू नकोस. विचारतोय मी."

"मागच्या महिन्यात सापडलं सर. मीच इंगवले सरांना दाखवलं." आवाज अगदी बारीक, पण शब्द सुटे सुटे होते. "लेख लिहून तयार आहे."

"त्यात आरशाचं आहे?"

"आहे. ते काढ म्हणून सांगितलं होतं. मी नाही काढलं."

केळुसकर सरांनी चष्मा घातला. हणमंताकडे बघितलं नाही, आणि ते मला रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. ते शीतलला म्हणाले, "तो लेख मला आजच दे. सोमवारच्या आत जाईल. सहीचं मी बघतो, ती जबाबदारी माझी. आता वर चल, आरसा बसवला होता ती जागा दाखव." लोखंडी जिन्यावर दोघांची पावलं वाजली आणि वर गेली.

पुढे शीतल तिकडे गेली, तिथेच राहिली. तिच्या लेखात हणमंताच्या एकाच लेखाचा दाखला आहे, त्या उलट्या चित्रांच्या. त्यात एक शब्द वाकडा नाही, असं सुनेने मला वाचून सांगितलं. हणमंताला खुर्ची मिळाली नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी खोलीत आम्ही दोघं होतो आणि मेजावर तो सूर्य.

हणमंत मेजाला दोन्ही हात टेकून उभा होता. ऊन त्याच्या मनगटांवर पडलं होतं. लहानपणी पडला की तो आधी माझ्याकडे बघायचा आणि मग रडायचा. तसंच त्याने बघितलं.

"काय केलंस हे आई? इतक्या वर्षांचं माझं काम, एका मिनिटात घालवलंस. तुला यातलं काय कळतं?"

मला आवाज चढवायचा होता. चढला नाही. भावकीतल्या बायका कशा कोण जाणे डोळ्यांपुढे आल्या, सगळ्या पान खायच्या थांबलेल्या, माझ्याकडे बघणाऱ्या. मी पदर पुढे ओढला.

"मला सूर्यातलं काही कळत नाही," मी म्हणाले. "चित्र उलटं पडलं ती आरशाची चूक होती, हणमंता. तिच्यासाठी मी कोणाशीही भांडले असते. पण आज जेवताना केलंस ते तू डोळे उघडे ठेवून केलंस. ते तुझं. आणि तू माझ्या पोटचा आहेस, म्हणून त्याची लाज मलाही आहे, मरेपर्यंत."